अर्धी झारी

रोपवाल्या ताईंना त्या मोसमात सकाळी उठणंच जिवावर यायचं. गुडघे दुखायचे ते होतंच, पण हरितगृहाचं दार उघडायची धास्ती त्याहून मोठी. मागचे दोन्ही मोसम मूळकुजीने खाल्ले होते. संध्याकाळी टवटवीत दिसलेली रोपं सकाळी माना टाकून पडलेली असायची. उपटून पाहावं तर मुळं काळी, बुळबुळीत. यंदाही तेच झालं तर नर्सरी बंद करायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं. बोलणार कुणाशी? घरात एकटे बाबा, आणि नर्सरी त्यांनीच उभी केलेली.

रोग पाण्यातून फिरत होता. ट्रेमधून गळलेलं पाणी चरातून मागच्या तळ्यात जायचं आणि तेच पंपाने पुन्हा रोपांवर यायचं. एका रोपाचं दुखणं ते पाणी सगळ्यांना वाटत सुटायचं. म्हणून ताईंनी मन घट्ट करून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून घेतलं. वाळूचा फिल्टर, पुढे जंतू मारणाऱ्या निळ्या दिव्याची नळी, मग टाकी आणि टाकीचा नळ. आसपासचे नर्सरीवाले येऊन बघून गेले, चहा पिऊन गेले, आणि "तुमचं काय होतंय ते बघू, मग आम्ही ठरवू," म्हणाले. औषध दुसऱ्याला पाजून बघायची हौस सगळ्यांनाच असते.

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "मेलेलं पाणी आहे हे. शेवाळाचा वास नाही, काही नाही. रोपाने खायचं काय?"

"खत देतोय ना आपण, बाबा."

"खत वेगळं, पाणी वेगळं," म्हणत ते दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून ताईंनी एकेक काम काढून घेतलं होतं. आधी कलमाचा चाकू, मग पंप, मग चाव्यासुद्धा. उरली होती ती खुर्ची. आणि त्या खुर्चीकडे बघायला ताईंना फुरसत नव्हती.

यंत्राने काम चोख केलं. रांगाच्या रांगा तरारल्या. ताई जरा मोकळा श्वास घेतात न घेतात, तोच दाराजवळच्या ट्रेमधली रोपं माना टाकू लागली. फिल्टरवाल्याला बोलावलं. त्याने टाकीतलं पाणी तपासलं, नळाचं तपासलं, पाइप सोडवून आतून पाहिले.

"ताई, यंत्रातून येत असतं तर सगळीकडे पसरलं असतं. दुसरीकडून काहीतरी आत येतंय. चपला, हात, अवजारं, सगळं बघा."

ताई चपला बाहेर काढू लागल्या. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. रोपं मरतच राहिली, आणि शेवटी ताईंनी हात टेकले.

एका सकाळी त्या मेलेल्या ट्रेंसमोर नुसत्या उभ्या होत्या. बघता बघता ध्यानात आलं, की मेलेले सगळे ट्रे खालच्या फळीवरचे आहेत. वरच्या फळीला धक्काही नाही. आणि रांगेच्या मध्ये जो लोखंडी खांब आहे, त्याच्या पलीकडे एकही रोप गेलेलं नाही. ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, ज्याला त्या खांबाला धरून दम खावा लागतो, अशा माणसाची ती हद्द होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडून त्या बाहेर गेल्यासारखं दाखवून दाराआड थांबल्या. बाबा तळ्याकडून आले. हातात जुनी पत्र्याची झारी होती, अर्धीच भरलेली, कारण पूर्ण भरलेली त्यांना उचलवत नव्हती. ट्रेवर धार धरत पुटपुटत होते, "घ्या रे, घ्या. थोडं खरं पाणी घ्या."

ताईंना राग आला. मोसमभर जिवाचं रान केलं, आणि घरातलाच माणूस! पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो उरला नव्हता.

"बाबा, तळ्यातलं का घालताय?"

बाबा दचकले नाहीत. "ही कोमेजलेली दिसतात ना. म्हणून यांना रोज जरा जास्तच घालतो."

ताईंनी एक रोप उपटून काळं मूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. गोड करून सांगायची ताकद नव्हती, आणि खोटं सांगितलं तर उद्या झारी पुन्हा भरली गेली असती. "रोग त्या तळ्यातच आहे, बाबा. तो तुम्ही रोज आणून घालताय."

बाबांनी ते मूळ बोटांत चुरडून पाहिलं.

"म्हणजे मीच मारली."

नाही म्हणावं असं ताईंना फार वाटलं.

बाबांनी झारी खाली ठेवली आणि मेलेला पहिला ट्रे उचलला.

"राहू द्या, मी नेते."

"सोड. माझे आहेत ते."

ट्रे छातीशी धरून, पाय ओढत ते मागच्या खड्ड्यापर्यंत गेले, रिकाम्या हातांनी परत आले, दुसरा उचलला. ताई पालथ्या क्रेटवर बसून राहिल्या. त्या मोसमात कामाच्या वेळी त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचाही कंटाळा आला होता.

मेलेले ट्रे संपले, फळीवर जगलेले तेवढे उरले, तेव्हा बाबांनी साबणाने हात धुतले. मग जंतुनाशक घालून झारी आतून-बाहेरून घासली आणि ताईंसमोर धरली.

"त्या नळाचं भर."

ताई उठल्या. "किती भरू?"

"अर्धीच. खांबापर्यंत पुरते."