पिंपाचा व्यायाम

मावशीला कॉलनीत कोणी घाबरत नसे. टाळत मात्र सगळे असत, आणि उन्हाळा तोंडावर आला की जरा जास्तच. जिन्यात तिचा आवाज आला की वरची माणसं वरच थांबत आणि खालची उगाच टपालपेटी उघडून आत बघत बसत. कारण साधं होतं. मावशी लोकांची कुत्री फिरवायची आणि फिरवता फिरवता कुत्र्यांच्या मालकांना अक्कल शिकवायची. पहिल्या कामासाठी तिला ठेवलं होतं. दुसरं ती आपल्या मनाने करायची, आणि भरपूर करायची.

अठरा वर्षं ती जनावरांच्या दवाखान्यात होती. टेबलावर कुत्रं धरायचं, फरशी पुसायची, मालकाला रडू आलं तर त्याला खुर्ची द्यायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने दवाखाना सोडला. गुडघे बोलत असताना नेमकं चालण्याचंच काम का धरलं, हे कोडं तिच्या भावजयीला अजून सुटलेलं नाही. मावशीने लग्न केलं नाही, आणि भाऊ गेल्यावर भावजय एकटी पडली, म्हणून दोघी एकाच घरात राहतात आणि दिवसातून दोनदा भांडतात. भावजय तिला एकदा म्हणाली होती, "तू बोलतेस ते खरं असतं गं. पण इतकं बोलतेस की लोकांना खरंसुद्धा कटकट वाटायला लागते."

"मग काय गप्प बसू? मुकी जनावरं ती. त्यांच्या वतीने कोण बोलणार?"

"बोल ना. पण श्वास तरी घेत जा मध्ये."

थंडी संपून ऊन चढायला लागलं की मावशीच्या डोक्याचा ताप सुरू व्हायचा. सकाळी साडेपाच ते आठ एवढीच तिची वेळ. निघण्याआधी ती वाकून उलटा तळहात रस्त्यावर टेकवी आणि दहापर्यंत मोजी. हाताला सोसलं नाही तर कुत्र्याच्या पंजालाही सोसणार नाही, इतका सरळ हिशोब. पोरंटोरं हसायची, मावशी रस्त्याचा ताप बघते म्हणायची. हसू देत. पण मालकांचं काय करायचं? एकाने गारवा मिळावा म्हणून आपल्या झुबकेदार कुत्र्याचे केस पार कातडीपर्यंत उतरवले, आणि मग त्या उघड्या पाठीवर उन्हाने फोड आले तेव्हा मावशीलाच विचारलं, हे असं कसं झालं? दुसरी एक बाई कुत्र्याला दिवसभर एसीत ठेवायची आणि दुपारी एकदम बाहेर काढायची. उन्हाची सवय व्हायला कुत्र्याला दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं वाढवायचं असतं, हे मावशीने तिला किती वेळा सांगितलं असेल? पालथ्या घड्यावर पाणी. ती बाई मान डोलवायची, हो हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तेच.

पण या सगळ्यांवर कडी केली होती हेडक्लार्कने.

हेडक्लार्क म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. नोकरी सुटून आठ वर्षं झाली तरी कॉलनीने त्यांचा हुद्दा काढून घेतला नव्हता. बायको गेलेली, मुलगी परदेशात. मुलीने जाताना आपलं चपट्या नाकाचं कुत्रं बापाकडे सोडलं होतं. तिने ठेवलेलं नाव होतं प्रिन्स. बापाच्या हातून खाऊन खाऊन दोन वर्षांत प्रिन्सचा असा काही आकार झाला की सगळे त्याला पिंप म्हणू लागले. पुढे स्वतः हेडक्लार्कही पिंप म्हणू लागले, फक्त फोनवर तेवढं प्रिन्स.

आता मुलगी घरी यायला दीडच महिना उरला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पिंपाचं वजन तीन किलोने उतरलंच पाहिजे, हृदयावर ताण येतोय. झालं. हेडक्लार्कना काम मिळालं. त्यांनी तक्ता आखला, शिट्टी आणली.

"मावशी, उद्यापासून याला दहा वाजता पळवायचं," ते म्हणाले.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दहा वाजता? साहेब, आठनंतर मी कुठल्याच कुत्र्याला बाहेर काढत नाही. याला तर नाहीच नाही."

"पहाटे हा उठत नाही."

"हा उठत नाही की तुम्ही उठत नाही?"

हेडक्लार्कनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "अहो, घाम गाळल्याशिवाय चरबी जात नाही. साधी गोष्ट आहे."

"साहेब, कुत्र्याला घाम येत नाही."

"असं कसं?"

"तळव्यांना येतो, तो नावाला. अंगातली गरमी तो तोंडातून बाहेर टाकतो. जीभ काढून धापा टाकतो ना, तेच त्याचं घाम गाळणं. त्यात याचं नाक बघा. मुळातच दाबलेलं. सावलीत बसून घोरतो बिचारा. याचं वजन उतरवायचं तर आधी ताट उतरवा. संध्याकाळची बिस्किटं बंद करा. पळवून काय होणार? एखाद्या दिवशी हातचा जाईल."

"बिस्किटं तो मागतो."

"मागू दे! मी पण खूप काय काय मागते, कोण देतं?"

शेवटी तिने एका कागदावर सगळं लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवलं. सतरा कलमं. पाणी किती वेळा, कुठल्या भांड्यात, बाहेर कधी, बंद गाडीत कधीच नाही, खिडकीचा पडदा किती वाजता ओढायचा, जीभ कुठल्या रंगाची झाली की धावपळ करायची, सगळं. दुसऱ्या दिवशी बघते तर कागदावर लाल शाईने तिचं शुद्धलेखन तपासलेलं. मजकुरावर साहेबांचा एक शब्द नाही. मावशीने कपाळावर हात मारला. या माणसापुढे हात टेकायचे बाकी होते, आणि ते तिला येत नव्हतं.

रविवारी मावशी बाजारातून परत येत होती. साडेदहा झाले होते आणि रस्ता चपलेतून जाणवत होता. कॉलनीच्या मागच्या मैदानातून शिट्टी ऐकू आली. तिने पिशवी तिथेच टाकली.

मैदानाच्या एका टोकाला टोपी घातलेले हेडक्लार्क, दुसऱ्या टोकाला पिंप. पिंप येत होता, पण चालणं त्याचं नव्हतं. मागचे पाय फाकलेले, मान खाली, दारू प्यायल्यासारखा डुलत. "शाब्बास! अजून थोडं!" हेडक्लार्क ओरडत होते. मावशी पळाली. गुडघ्यांचं काय झालं ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. ती पोचेपर्यंत पिंप बसला आणि मग कुशीवर पडला.

त्याच्या तोंडावर काळं कापडी मुसकं होतं. दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलेलं, आणि आतल्या आत छाती भात्यासारखी उडतेय. मावशीने पट्टा ओढून मुसकं काढलं. जीभ बाहेर लोंबली. गडद लाल, कडेला जांभळट, आणि लाळ चिकट.

"पकडा, उचला, सावलीत!" ती ओरडली. "मला काय बघताय? उचला!"

दोघांनी त्याला वॉचमनच्या खोलीच्या सावलीला आणलं. बागेचा नळ तिथेच होता. मावशीने पाइप हातात घेतला, पण उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहा करण्याजोगं असतं, हे तिला माहीत होतं. तिने ते आधी स्वतःच्या पायावर सोडलं, चटका सोसला, आणि गार यायला लागल्यावर मगच पिंपाच्या पोटावर, जांघेत, पंजांवर धरलं. हेडक्लार्क धापा टाकत वर जाऊन बर्फाचा ट्रे आणि ओला टॉवेल घेऊन आले.

"बर्फ नको! बाहेरची कातडी आखडते, आतली आग आतच राहते. आणि टॉवेल पांघरू नका त्याच्यावर, वाफ कोंडते. त्या टोपीने वारा घाला. अहो, घाला ना!"

हेडक्लार्कनी टोपी काढली आणि वारा घालू लागले. हुकूम सोडायची सवय असलेला माणूस हुकूम पाळताना फार लहान दिसतो. पण मावशीला कीव येत नव्हती. तिला नुसता राग येत होता. सतरा कलमं! सतरा कलमं लिहून दिली, तीन वर्षं तोंडाची वाफ दवडली, आणि हा शहाणा शिट्टी घेऊन उभा!

गाडीत एसी लावून ते दवाखान्याकडे निघाले. मावशी मागे, पिंप तिच्या मांडीवर, ओला आणि जड. मुसकं अजून तिच्या मुठीत होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पहिल्यांदा त्या मुसक्याकडे नीट पाहिलं. पट्टा आखूड करून शिवलेला होता. निळ्या दोऱ्याने.

तो दोरा तिच्याच शिवणाच्या डब्यातला होता.

थंडीत पिंपाने रस्त्यावरचा मेलेला उंदीर तोंडात धरला होता, तेव्हा तिनेच हे मुसकं आणलं होतं. चपटं तोंड, म्हणून सुटायचं. तिनेच ते आवळून शिवलं होतं. आणि हेडक्लार्कना बजावलं होतं की हे घातल्याशिवाय याला दाराबाहेर काढायचं नाही, म्हणजे नाही. थंडीत पाच-दहा मिनिटं चालून जातं. उन्हाळ्यात तेच मुसकं म्हणजे गळा दाबणं. हे तिला माहीत नव्हतं का? दवाखान्यात तिने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सतरा कलमांत ते एक नव्हतं. मावशीचं एकच म्हणणं त्या माणसाने आयुष्यात तंतोतंत पाळलं होतं, आणि ते हे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कॉलनीत कोणाचा विश्वास बसला नसता, पण उरलेला सगळा रस्ता मावशी गप्प होती.

डॉक्टरीणबाईंनी पिंपाला आत नेलं, सलाइन लावलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर बाकावर दोघं बसले. हेडक्लार्कनी मुलीला फोन लावला. खरं सांगायची त्यांना गरज नव्हती, तरी सांगितलं. मुलीचा आवाज फोनबाहेर येत होता. "बाबा, एक कुत्रं सांभाळता येत नाही तुम्हाला? एक? तुम्हाला कोणी काही सांगितलेलं पटतच नाही कधी. आईचं तरी कधी ऐकलंत?" हेडक्लार्क "हो" म्हणत होते. पुन्हा "हो" म्हणाले. मग फोन खिशात ठेवायला त्यांना तीनदा खिसा शोधावा लागला.

मावशीला वाटलं, गप्प राहावं. कोणाला कळणार होतं? चूक यांची होतीच की. दहाचं ऊन यांचं, शिट्टी यांची. उद्यापासून सगळी कॉलनी तिचं ऐकेल. इतक्या वर्षांनी एकदा तरी ऐकेल.

"साहेब," ती म्हणाली, "ते मुसकं. त्याने तोंड उघडता येत नव्हतं त्याला. धापाच टाकता आल्या नाहीत. ते मी दिलेलं."

हेडक्लार्कनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. बाकी सगळं सांगितलं, ते सांगायचं राहिलं."

मावशी शिव्यांची वाट बघत होती. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मुलीला हे सांगू नका," ते शेवटी म्हणाले. "माझ्यावर ती ओरडेल आणि विसरेल. तुम्हाला काढून टाका म्हणेल. मग याला फिरवणार कोण? मी?"

मावशीला रडू आलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. या माणसावर चिडायची निदान एक सोय होती, तीही गेली.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिभेचा रंग परत येतोय. ताप उतरतोय. मूत्रपिंडं कशी आहेत ते उद्याच्या तपासणीत कळेल, तोवर मी काही बोलणार नाही. पण मावशी, पाणी मारायला दहा मिनिटं उशीर झाला असता ना..." शाबासकी होती ती. मावशीला ती गिळवेना.

"मी निघते," ती हेडक्लार्कना म्हणाली.

"आता? त्याला बघत नाही?"

"असली मुसकी मी आणखी तीन घरी दिलीयत."

पहिलं घर एसीवाल्या बाईचं. मावशीने घंटा वाजवली तेव्हा साडेबारा वाजत होते, साडीचा पदर ओला होता आणि उजवा गुडघा जिना चढायला नाही म्हणत होता. आत कुत्रं भुंकलं. दाराच्या भोकाआड कोणीतरी आलं, थांबलं. मग बाईंचा आवाज आला, दार न उघडताच.

"मावशी, रविवार आहे हो! सगळं सांगून झालंय की तुमचं. आता अजून काय राहिलं?"

मावशी म्हणाली, "एक राहिलंय. दार उघडा."

दार काही लगेच उघडलं नाही.