मासा दिसत नाही

सुलभाबाई गेल्याची बातमी शाळेच्या शिपायाने ठाकुर्लीला माझ्या घरी येऊन सांगितली. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. तीन वक्त्यांनी बाईंना दीपस्तंभ म्हटलं. चौथा मी होतो. दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लपण्यासाठी दिवा लावणाऱ्या माशांवर ज्यांचा जीव, त्यांना दीपस्तंभ म्हणायचं म्हणजे... असो.

बाई कोपरीच्या, कोळ्यांच्या घरातल्या. ठाण्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. ऐंशीच्या दशकात संस्थेच्या अध्यक्षांना स्वतःसाठी दालन हवंसं झालं आणि त्यांची नजर प्रयोगशाळेवर पडली. "विज्ञान प्रदर्शनात काही करून दाखवा, मग खोली तुमची," त्यांनी सुनावलं. आमच्या शाळेला तोवर बक्षीस मिळालं होतं ते फक्त रांगोळीचं.

प्रदर्शन आमच्याच शाळेत होतं. बाईंनी मुलींना हाताशी घेऊन प्रयोगशाळेत खोल समुद्र उभारला. छताखाली ट्रेसिंग पेपर ताणला, त्याच्या वर मंद दिवा. पाण्यातून झिरपणारा उजेड तो. त्याखाली पुठ्ठ्याचा मासा, पोटाला बारीक बल्ब आणि ते कमीजास्त करायला एक बटण.

"झोपा सर," बाई मला म्हणाल्या.

"इथे? फरशीवर?"

"मग काय गादी घालू? त्याला खाणारा खालूनच बघतो."

झोपलो. वर उजेड आणि त्यात माशाची काळी सावली. बाई बटण फिरवू लागल्या. माशाचं पोट उजळत वरच्या उजेडाइतकं झालं आणि मासा... गेला. आणखी फिरवलं, तसा लखलखत पुन्हा दिसला. "बघा, जास्त चमकला की मेला," बाई म्हणाल्या. अध्यक्षांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

परीक्षक आले तेव्हा बटण नेमकं मासा नाहीसा होतो त्या जागेवर होतं. त्यांनी वर पाहिलं, मुलींनी तोंड उघडायच्या आत शेरा लिहिला आणि हारतुऱ्यांकडे निघून गेले. 'मासा दिसत नाही. मॉडेल नादुरुस्त.' मुली रडायला लागल्या. बाई मात्र तो कागद घेऊन थेट अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, मासा लपलाय हे परीक्षकांनी सहीनिशी लिहून दिलंय. आणखी काय करून दाखवू?"

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीतले अध्यक्ष आमच्या फरशीवर आडवे झाले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी बटण फिरवलं.

"अहो बाई, मासा कुठाय?"

"आहे तिथेच आहे, साहेब."

"पुन्हा करा."

चार वेळा करावं लागलं. मग कपडे झटकत ते म्हणाले, "दालनाचं बघू दुसरीकडे कुठेतरी."

पुढे भाषणांतून ही कल्पना अध्यक्षांचीच होत गेली. मी चिडायचो. बाई म्हणायच्या, "सांगू दे हो. खोली राहिली ना?"

परवा त्या खोलीत गेलो होतो. बाईंचा समुद्र अजून तिथेच आहे. सातवीतल्या एका मुलीने हुकूम सोडला, "सर, चपला काढून झोपा." गुडघे कुरकुरले, पण झोपलो. तिने बटण फिरवलं. मासा गेला. बाईंचे मानायचे राहून गेलेले आभार बरेच होते. ते तसाच पडून मानत राहिलो... किती वेळ, कोण जाणे. उठायला लागलो तशी तिने हात पुढे केला.

"सावकाश, सर. इथे लगेच कोणीच उठत नाही."