सुदामच्या वहीतली माझी लय

"काका, बाबा गेले," सुदामच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आली ती सुदामची वही. लाज वाटते, पण तिच्यात माझी लबाडी लिहिलेली होती. सुदाम आणि मी चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात. मी पत्रा दाबायच्या प्रेसवर, तो हातात स्टॉपवॉच घेऊन आमच्या पाठीशी उभा. एका नगाला किती सेकंद लागतात ते मोजायचा आणि पुढच्या महिन्यात टार्गेट वाढायचं. म्हणून तो दिसला की आम्ही सगळेच हात आखडायचो. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा त्याच्यासोबतच...

रिटायर झाल्यावर त्याला नवंच खूळ लागलं. गारखेड्याच्या घरी जो येईल त्याला टेबलापाशी बसवायचा. "मनाला येईल तशी बोटं वाजव. घाई नाय, गाणं नाय." मिनिटाला किती ठोके पडले ते वहीत लिहायचा. प्रत्येक माणूस आपली लय घेऊनच जन्मतो, असं त्याचं म्हणणं. दूधवाला, जावई, शेजारीण, कुणी सुटलं नाही. मी तर भीमगीतांच्या गायनपार्टीचा ढोलकीवाला, मला दर रविवारी बोलावणं. आणि दर रविवारी माझ्या डोक्यात तोच किडा: ह्याला हे कशाला पाहिजे? माझा खरा वेग पार्टीला सांगून तिथंही टार्गेट वाढवणार असेल का? कारखाना सुटला, सवय थोडीच सुटते! मी मुद्दाम हळू वाजवायचो. "आज लई संथ रे," तो म्हणायचा. "वय झालं लेका," म्हणून मी चहा मागायचो.

सुदामच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम उरकल्यावर मी प्रज्ञाला गाठलं. "बाई, त्या वहीतले माझे आकडे खोटे हायेत."

"बाबांना ठाऊक होतं, काका. म्हणायचे, त्याचा हात मीच आखडवला, आता एकदा सुटलेला बघायचाय."

"मग बोलला का नाय मला?"

"भ्यायचे. विचारलं तर तुम्ही यायचंच बंद कराल म्हणून."

मला रडू आवरेना. अरे गाढवा, एकदा तोंड उघडलं असतंस! आणि मी बसलो तुझ्यावर संशय घेत... तिथंच सुदामच्या टेबलावर बोटं टेकवली. हात सुटला, चांगला जलद, तिशीत वाजायचा तसा. प्रज्ञा ऐकत बसली. मोजणारा मात्र गेला होता.