रक्तपिशाचांच्या पुस्तकातलं खुणांचं पान

मित्रांनो, हे आजच लिहायला हवं.

सकाळी आमच्या मुकुटबन गावात गळा फाडलेल्या तीन शेळ्या सापडल्या. माझ्याकडे वाचनालयातून आणलेलं, जगभरच्या रक्तपिशाचांच्या दंतकथांचं पुस्तक होतं. त्यातलं लाल ओठांच्या बाईचं चित्र पाहून गावातला गजूदादा ओरडला, "हे तं पार्वताकाकूच!"

शेजारची पार्वताकाकू दिवसभर पान खाते, एवढंच.

लोकांनी तिला केस धरून ओढलं. गजूदादाने काठी घातली, तिचा हात मोडला.

मी म्हटलं, "दादा, या नुसत्या गोष्टी आहेत!"

"छापेल खोटं असते का बे?"

मग मी खुणांचं पान मोठ्याने वाचलं. रक्तपिशाच दिवसा झोपतो, रात्री फिरतो, त्याचे डोळे लाल असतात.

सगळे गजूदादाकडे वळले. तो रात्रभर शेतात रानडुकरं हाकलतो आणि दिवसा झोपतो; जागरणाने त्याचे डोळे लालच असतात.

"अबे, मी जागलीले जातो ना!" तो ओरडत राहिला. लोकांनी त्याच्याच काठीने त्याचं डोकं फोडलं.

काकू वाचली. दादा अजून शुद्धीवर नाही.

मी एक शब्दही खोटा वाचला नाही. तुम्ही असता तर ते पान वाचलं असतं का?