आठ एकेचाळीसचा ठिपका

आमच्या वडूजचे लालासाहेब फौजेत सिग्नल्समध्ये सुभेदार होते. अठ्ठावीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी दूरचे निरोप ऐकले. निवृत्त झाल्यावर गच्चीवर दुर्बीण आणि कॅमेरा बसवला.

सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अपूर्वाने हौशी मंडळींचा एक गट केला आहे. आकाशात फार दूरवरून कधीकधी रेडिओलहरींचा झटका येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. रेडिओ दुर्बिणी तो टिपतात. त्याच्याबरोबर उजेडही चमकतो का, हे अजून कुणालाच खात्रीने सांगता आलेलं नाही. असे झटके वारंवार येतात त्या एका जागेकडे गटातल्या प्रत्येकाने कॅमेरा लावून ठेवायचा, एवढंच काम. वर्षभरात लालासाहेबांना काहीच सापडलं नव्हतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी अपूर्वाचा निरोप आला, "काल रात्री आठ एकेचाळीसला झटका आला." लालासाहेबांनी त्या मिनिटाचे फोटो उघडले. नेमक्या जागी पांढरा ठिपका! आधीच्या फोटोत नाही, नंतरच्यात नाही.

"गुरुजी, या लवकर! घावलं!" त्यांनी गच्चीवरून शेजारच्या घरात मला हाक मारली.

फोटो पोहोचताच अपूर्वाचा फोन आला. "काका, संध्याकाळी सगळ्यांना कळवते. जगात पहिले तुम्ही!"

त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी पुरणाची डाळ शिजत घातली.

पंगतीत बसल्यावर माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. "एक वाजला. माझी गोळी राहिली."

"आवं गुरुजी, बसा," चंद्राबाई हसल्या. "एकाला पाच कमी हायती. ह्यांच्या फौजेपायी आमची समदी घड्याळं पाच मिनिटं म्होरं."

"पाच मिनिटं आधी हजर, ही शिस्त हाय," लालासाहेब ऐटीत म्हणाले. आणि त्यांचा हात आमटीच्या वाटीतच थांबला. "चंद्रा, त्यो फोटोचा संगणक..."

"त्येची येळ बी तुमीच लावलीय की हातानं."

म्हणजे ठिपका आठ छत्तीसचा होता. झटक्याच्या पाच मिनिटं आधीचा. बहुधा एखाद्या उपग्रहावर चमकलेलं ऊन.

लालासाहेबांनी हात धुऊन फोन लावला. "अपूर्वा, कुणाला कळवू नका. चूक माझी हाय."

सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, मग खऱ्या क्षणाच्या फोटोवर आठ शेहेचाळीस असेल. तो पाठवा."

त्या फोटोत त्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. लालासाहेबांनी तो पाठवला आणि पोळी तशीच ठेवून बसून राहिले.

तासाभराने फोन वाजला. अपूर्वा चक्क हसत होती. "काका, बाकी सगळीकडे ढग होते. त्या क्षणी उघडं आकाश फक्त तुमच्या गच्चीवर! अमुक एवढ्यापेक्षा जास्त उजेड तिथे नव्हता, हे आता ठामपणे लिहिता येईल. तुमच्या नावासकट."

"आमच्या कोरड्या आभाळाचं कौतुक आजच ऐकलं," चंद्राबाई म्हणाल्या. "आणि काय बी न दिसल्याचं बी!"

"अगं, फौजेत चौकीवरनं तासातासाला निरोप जातो. 'काही नाही' ह्यो बी निरोपच की." त्यांनी गार पोळीवर तूप मागून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी संगणकाची वेळ नीट लावली आणि जिना चढू लागले.

"आवं, आज काय न बघाया निघालाय?" खालून चंद्राबाईंनी विचारलं.

"तेच गं," वरून उत्तर आलं, "पण बरोबर वेळेला."