डावीकडची खुर्ची

असले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले, त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. विचार, वागणं, सगळं मेंदूत. मेंदूचा एक कोपरा बिघडला की माणसाचाही तेवढाच कोपरा बिघडतो... हे पेपरात लिहून मी चांगले मार्क मिळवलेत. भुताखेतांना त्यात जागाच नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन कलकत्त्याला आलेले. आम्ही तिथल्या बेहाला भागात भाड्याने राहायचो आणि मी एम.ए. करत होते. बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. बोलणं शाबूत, नजर शाबूत — पण जगाची डावी बाजूच गायब! घड्याळ काढा म्हटलं की बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबायचे. डॉक्टर म्हणाले, "आँख ठीक है, दिमाग नहीं देखता."

जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची लहानपणापासून त्यांच्या डावीकडे. मी तिथून "बाबा, मी इथे आहे" म्हटलं की ते उजवीकडे शोधायचे आणि आईला विचारायचे, "सुमी आली नाही अजून?" अस्सा संताप यायचा! आई म्हणायची, उजवीकडे बस की. पण मी हट्टी. त्यांनीच वळून माझ्याकडे बघायला हवं होतं.

आपल्या पानात चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. ते सगळं तसंच उरायचं आणि वर बाबांची कुरकुर, "साधी चटणीसुद्धा नाही?" एका रविवारी दुपारी मी शक्कल लढवली. उभी राहून त्यांचं पान उलटं वाढलं. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी-आमटी डावीकडे. आई तव्यावरची पोळी टाकून धावत आली.

"अगं कार्टे, असं पान गेलेल्यांना वाढतात! काढ ते आधी!"

"आई, मेंदूला श्राद्धपक्ष कळत नाही."

बाबा ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते उजव्या हाताने हळूहळू सरकवलं — डावीकडे, थेट माझ्या रिकाम्या खुर्चीपुढे. आमटीचा थेंब सांडला नाही. मान पूर्ण वळवून म्हणाले, "दादा, आधी तू जेव."

स्ट्रोकनंतर ती मान पहिल्यांदाच तिकडे वळली होती.

दादा म्हणजे माझे काका. साताऱ्यात असायचे, चांगले धडधाकट. पण गेलेल्याचं पान आणि त्यावर त्यांचं नाव... आईने रडायलाच सुरुवात केली. मी चिडून खाली मुखर्जींकडे गेले आणि साताऱ्याला, काकांच्या शेजाऱ्यांकडे, ट्रंककॉल लावला. "की होलो, मा?" काय झालं म्हणून मुखर्जीकाकू विचारत राहिल्या. काय सांगणार, कपाळ!

संध्याकाळी लाइन लागली, तोवर आईही खाली आली होती. काका स्वतः फोनवर, आवाज खणखणीत. मी आईकडे बघून जिंकल्यासारखी हसले. तेवढ्यात काका म्हणाले, "वसंता बरा आहे ना गं? दुपारी पानावर बसलो होतो, तर उजवीकडून त्याची हाक आली... 'दादा, आधी तू जेव.' लहानपणी पंगतीत तो माझ्या उजव्या हाताला बसायचा..."

लाइन तुटली.

आमचे सर म्हणाले, जुनी स्मृती उसळून वर आली. बरं, मान्य! बाबांचं वाक्य त्यात बसतं. पण ते साताऱ्यात कसं पोचलं? सर म्हणाले, योगायोग. चिडले मी. नापास विद्यार्थ्यासारखं उत्तर होतं ते.

एकदा वळलेली मान पुन्हा वळेल म्हणून मी महिनोन्महिने झगडले. आईची बोलणी खात उलटी पानं वाढली, शेजारी बसून "दादा आलाय" म्हणून खोट्या हाका मारल्या. छे! मेंदूने ती बाजू पुसून टाकली होती, हे मला पटतं. मग काका कसे दिसले? आणि ते दिसले, तर वीतभर अंतरावरची मी का नाही? याचं उत्तर मला अजून कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

बाबा गेले त्याच आठवड्यातलं एक जेवण आठवतं. माझा खांदा त्यांच्या डाव्या खांद्याला लागला होता. त्यांनी आईला विचारलं, "सुमी आली नाही अजून?"