छप्पर उघडलंय, या!

गणपती उठून आठवडा झाला होता. सकाळी सातच्या सुमारास आबाकाकांचा फोन आला. आबाकाका, म्हणजे अब्राहामकाका, आमच्या लहानशा मंडळीची प्रार्थना गेली तीस वर्षे चालवत आले आहेत, आणि फोनवर लांबण लावण्याची त्यांना सवय नाही. "दानी, हन्ना गेली. पहाटे, झोपेत," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. "मांडव तीन आठवड्यांवर आलाय. यंदा दोरी कोण ओढणार?" दुसऱ्या कोणाला त्या क्षणी हा प्रश्न विचित्र वाटला असता. मला वाटला नाही. त्याचे उत्तर मला ठाऊक होते. जाण्याआधी दोनच दिवस हन्नामावशींनी माझ्याकडून शब्द घेतला होता.

लिहिण्याचा मला सराव नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझी सारी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डापुढे झाली. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा प्रसंग आला की मला काही तरी अत्यंत तातडीचे काम आठवते. पण मावशींविषयी कोणी तरी लिहायला हवे, आणि मंडळीत शुद्धलेखनाची हौस असलेला मी एकटाच आहे.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे आणि आडनावात कोकणातले गाव वागवणारे ज्यू. पिंपरीपासून देहूरोडपर्यंत आमची घरे बोटांवर मोजण्याइतकी. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते गोळा करताना आबाकाकांच्या नाकी नऊ येतात. संत तुकाराम नगरातल्या तळमजल्यावरच्या आपल्या घराची पुढची खोली मावशींनी या प्रार्थनेसाठी कधीच देऊन टाकली होती. त्या पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतरही त्यांचा वॉर्डातला आवाज काही निवृत्त झाला नाही, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्याला त्या "गोळी घेतलीस का?" असे अशा सुरात विचारीत की तो पुढच्या शनिवारी पंधरा मिनिटे आधी हजर होई. माझी आई आणि त्या अलिबागेकडे एकाच आळीत वाढल्या, म्हणून मावशी. मुलगा आणि सून इस्रायलला. तिकडे येऊन राहा, असा त्यांचा आग्रह वर्षानुवर्षे चालू होता. "तिथं घरोघरी मांडव आहे," मावशी म्हणत. "मी नाही गेले तर कुणाचं अडणार आहे? इथं अडतं."

हा मांडव म्हणजे काय, हे सांगायला हवे. आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमारास आमचा सुक्कोथ हा सण येतो. आमचे पूर्वज रानावनांतून भटकत असताना खोपटांत राहिले, त्याची आठवण म्हणून अंगणात मांडव घालायचा आणि सणाचे दिवस त्यातच जेवायचे. वर नारळाच्या झावळ्या, त्याही इतक्या विरळ की अंधार पडल्यावर तारे दिसावेत. आणि त्या झावळ्यांवर दुसरे काही म्हणजे काहीही असता कामा नये. एवढा नियम वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा.

या सणाच्या थोडे आधी, उपासाच्या मोठ्या दिवसानंतर, आमचा शिळा सण असतो. त्या दिवशी दानधर्म करण्याची रीत आहे. एका वर्षी दारात तांदळाच्या पिशव्या मांडता मांडता मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वॉर्डात चाकणकडची पोरं यायची, ओल लागून आजारी पडलेली. मी त्यांना बरं करायचे आणि परत त्याच ओलीत धाडायचे. आपण खोपटाची आठवण काढत जेवतो आबा, आणि ती पोरं आज, आत्ता खोपटात आहेत." तेव्हापासून मंडळीचा रिवाज पडला. सणापूर्वीचे दोन-तीन गुरुवार, म्हणजे इकडच्या कारखान्यांच्या सुट्टीचे वार, आम्ही चाकणच्या पुढे बांधकाम मजुरांच्या एका वस्तीवर पत्रे, हूक आणि वॉशर घेऊन जाऊ लागलो. छपरे दुरुस्त करायला, असे आम्ही म्हणत असू. प्रत्यक्षात दुरुस्ती करी गंगाधर मिस्त्री. परभणीकडचा हा माणूस मोठमोठ्या कारखान्यांच्या शेडवर पत्रे चढवी आणि स्वतः प्लास्टिकच्या कागदाखाली झोपे. आमच्यातले बँकेतले, शाळेतले, कचेरीतले लोक शिडीवर चढू लागले की तो हात जोडी. "काका, तुमी खालीच बसा बरं. नुस्ते हूक द्या हातात. पडलाव तर मावशी मलाच सुई टोचतील."

मी निवृत्त झालो त्या वर्षी मावशींनी मला या कामात ओढले. साठीच्या उंबरठ्यावर मी हिब्रू अक्षरेही त्यांच्याच धाकाने गिरवली. आबाकाका शिकवीत आणि मावशी स्वयंपाकघरातून ऐकत. "दानी वाचायला लागला की देवालाच कान पुढं करावा लागतो," असा त्यांचा शेरा असे.

त्याच वर्षी मावशींनी गंगाधरला, त्याची बायको शेवंताबाई आणि वस्तीवरच्या आणखी काही कुटुंबांना मांडवात जेवायला बोलावले. सणातला गुरुवार ठरला. मटणाचा रस्सा, नारळाच्या दुधातला हलवा, पुऱ्या... घरात दोन दिवस नुसता घमघमाट होता. पाहुणे साडेसहाला यायचे होते, ते पाचलाच आले. आम्ही सारे पुढच्या खोलीत दार लोटून सायंकाळच्या प्रार्थनेला उभे होतो. बाहेर काही तरी ठोकल्याचे आवाज येत होते, पण प्रार्थनेत मध्येच हलता येत नाही. आबाकाकांनी शेवटचे आमेन जरा घाईनेच म्हटले आणि दार उघडले.

मांडवावर कडेकोट निळी ताडपत्री चढली होती. नगाऱ्याच्या कातड्यासारखी ताणलेली, चारही कोपऱ्यांना तारेने आवळलेली. एक सुरकुती नाही. माझ्यातल्या ड्राफ्ट्समनला ती पाहून क्षणभर भरूनच आले. गंगाधर शिडीवरून उतरत, घाम पुसत म्हणाला, "मावशे, तुमचं छप्पर लई वाईट झालंतं की ओ! सगळं आभाळ दिसायलंतं. तुमी दर साली आमची छपरं करता, म्हनलं आज आपन यांचं करावं. जेवायच्या आत उरकलं बगा!"

आबाकाकांचा चेहरा लालबुंद झाला. ताडपत्रीखालचा मांडव हा आमच्या लेखी मांडवच नव्हे. त्यात जेवून सण साजरा होत नाही. आणि समोर सात-आठ माणसे कौतुकाच्या अपेक्षेने उभी. काढा म्हणावे तर त्यांचा मान गेला, राहू द्या म्हणावे तर सण गेला.  तेवढ्यात मावशी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना काही झाले की काय, असे वाटून मी पुढे धावलो, तर त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"गंगाधर," त्या अखेर म्हणाल्या, "इतकं झकास छप्पर या मांडवाला जन्मात कुणी घातलं नाही. पण आमच्या देवाचा हट्ट आहे बाबा, की या छपरातून तारे दिसले पाहिजेत."

गंगाधरने मान वर करून ताडपत्रीकडे पाहिले. "म्हंजी... तुमच्या देवाला गळकंच छप्पर पायजे?"

"अगदी बरोबर."

"मग आदी सांगायचं नाई का! आमच्याकडं आट हायेत तसली. एखादं उचलून आनलं असतं!"

यावर जो हशा पिकला त्यात आबाकाकासुद्धा सापडले. फक्त शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरळपणे विचारले, "अन् मावशे, पाऊस आला तर?"

"तर आम्ही ताटं उचलून घरात जातो."

"तुमाला घर हाय," शेवंताबाई म्हणाल्या. स्वरात कुठेही टोचणी नव्हती.

मावशींनी हसणे थांबवले. त्या म्हणाल्या, "हो. आम्हांला घर आहे."

पुढे काय करायचे ते गंगाधरनेच शोधले. ताडपत्रीचे एक टोक त्याने बांबूवर गुंडाळले, पार्किंगच्या खांबाला कप्पी बांधली आणि तिच्यातून एक दोरी खाली सोडली. दोरी ओढली की ताडपत्री गुंडाळत मागे जाते आणि आभाळ मोकळे होते. सैल सोडली की छप्पर मिटते. मी उत्साहाने त्याचे रेखाचित्र काढू लागलो तेव्हा तो म्हणाला, "काका, दोरीला कागद कशाला?" मावशी ठेंगण्या होत्या, म्हणून त्यांच्या हाताला येईल अशा बेताने त्याने दोरीला खाली एक जाडजूड गाठ मारली. मावशींनी ती दोन्ही हातांत धरली, फाटकाकडे पाहून वॉर्डातल्या त्या आवाजात ओरडल्या, "छप्पर उघडलंय, या!" आणि दोरी ओढली. निळा पडदा सरकला, झावळ्यांतून चंद्र दिसला, आणि शेजारच्या इमारतीतल्या पोरांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. मग मावशींनी जाहीर केले की यापुढे पाऊस आला तर मंडळीतल्या कोणीही घरात पळायचे नाही. छप्पर मिटायचे आणि पाहुण्यांबरोबर इथेच बसायचे. आबाकाकांनी बराच विचार करून निर्वाळा दिला, "पावसात मांडवात जेवायचं बंधन नाही. पण बसून राहायला मनाई आहे, असंही कुठं वाचल्याचं आठवत नाही."

त्यानंतर दरवर्षी तीच हाक, तीच दोरी. कामाची जागा बदलली की वस्तीही हलायची, कुटुंबे बदलायची, पण गंगाधर नव्या माणसांना घेऊन यायचा. आणि दरवर्षी मांडवाच्या आदल्या दिवशी मावशी मला म्हणायच्या, "यंदा तू बोलाव." मी सबबी सांगत असे. एकदा घसा, एकदा सर्दी. एकदा तर गुडघा दुखतो असे मी सांगितले. "आवाज गुडघ्यात असतो का रे दानी?" मावशींनी विचारले. प्रार्थनेच्या खोलीत त्या कधी कोणावर सक्ती करीत नसत, पण या एका बाबतीत त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. का, ते मी शेवटच्या भेटीत विचारले. त्या पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होत्या, पायांवर शाल, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "आबाला प्रार्थना येते, गंगाधरला छप्पर येतं. पाहुण्याला हाक मारणारं कुणी नसलं तर ते दोघं काय करतील? आणि तुझ्यासारख्यानं हाक मारली ना, तर माणसाला पटतं की खरंच बोलावतायत. देतोस शब्द?"

"देतो," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"देतो, मावशी!"

"हां. एवढा आवाज पुरेल," त्या म्हणाल्या, आणि मला चहा टाकायला पाठवले.

सात दिवसांचा शोक संपला, नव्याचा सण, म्हणजे आमचा वर्षारंभ, आला, उपास झाला. मुलाने घराची किल्ली आबाकाकांच्या हातात ठेवली आणि "खोली जशी आहे तशीच चालू द्या" असे सांगून तो परत गेला. सणातल्या गुरुवारी मांडवाबाहेर पस्तीस-एक माणसे उभी होती. दुपारी पावसाची एक सर येऊन गेल्यामुळे ताडपत्री मांडवावर पसरलेली होती. माझी उंची जरा अवाजवी आहे. त्या गाठीला हात घालायला मला कमरेत वाकावे लागले. वाकलो, तोंड उघडले... आणि आवाज निघेना. निदान दोरी तरी ओढावी म्हणून ओढली, तर कप्पी अडकली. शिडीवरून गंगाधरचा आवाज आला, "काका, नुस्तं वढू नगा! मावशी आदी वरडायच्या, मग वढायच्या. दोरीला सवय पडलीय तसली!"

सगळे हसले. मलाही हसू फुटले, आणि त्या हसण्याच्याच धक्क्यात मी ओरडलो, "छप्पर उघडलंय, या!" आवाज मध्येच फाटला, पण फाटकापर्यंत पोचला. दोरी सुटली, ताडपत्री झर्रकन मागे गेली आणि तिच्या घड्यांत साचलेले दुपारच्या सरीचे सगळे पाणी बरोबर आबाकाकांच्या डोक्यावर पडले. त्यांनी टोपी काढून शांतपणे पिळली. "हन्नाच्या वेळी असं कधी झालं नाही," ते म्हणाले.

"त्या आदी तुमाला बाजूला व्हा म्हनायच्या," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांना घेऊन त्या स्वतःच्या घरात शिरावे तशा आत आल्या.

मांडव उतरवून आता काही आठवडे झाले. दोरी धुऊन, वाळवून मावशींच्या पुढच्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगली आहे. शनिवारी प्रार्थनेला गेलो की ती डोळ्यांसमोर येते. बाकीची दोरी पांढरी, आणि ती गाठ हातांच्या वापराने तुळतुळीत, काळसर झालेली. मांडव उतरवताना गंगाधर म्हणाला होता, "काका, तुमाला लई वाकावं लागायलं. गाठ दीड फूट वर घेतो की."

मी म्हणालो, "नको." पलीकडे उतरवलेल्या झावळ्यांच्या मोळ्या बांधत असलेल्या आबाकाकांनी वळून पाहिले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मी ते बरेच मोठ्याने म्हटले होते.